प्रशस्ती आणि ओस पडलेले गाव

2025 च्या मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस लढाई झाली. त्यानंतरच्या पावसाळ्यात आंबेगाव तालुक्यातल्या एका कविसंमेलनाच्या अध्यक्षपदी मला बसविण्यात आले. निम्म्याहून अधिक कवींनी युद्धावरच कविता वाचल्या. त्यात आमच्या वस्तीतला एक तरुण होता. त्याचा थोरला भाऊ फौजेत आहे. त्याच्या कवितेचा शेवट शत्रूच्या निर्वंशावर झाला. टाळ्या पडल्या. अध्यक्ष या नात्याने मी त्याचे कौतुक केले आणि घरी आलो. ते कौतुक मला अजून टोचते आहे. हा लेख त्या टोचणीतून लिहीत आहे.

'निर्वंश' ही कल्पना त्या तरुणाची नाही. ती महाराष्ट्राच्या दगडात सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी कोरली गेली. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची प्रशस्ती कोरून घेतली. शक, यवन, पल्हव यांचा नाश करणारा, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित करणारा, असे त्याचे वर्णन तीत आहे. आपल्याकडच्या युद्धवाङ्मयाचा हा एक मूळ नमुना आहे, असे मी मानतो. म्हणून त्याची समीक्षा करणे म्हणजे त्या कविसंमेलनाची समीक्षा करणे होय.

ते युद्ध दोन शेजाऱ्यांचे होते. त्याचे कारण शोधायचे तर जुन्नरला यावे लागते. कल्याण बंदराचा माल नाणेघाट चढून जुन्नरात येई आणि पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा, असे आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्या घाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेने यज्ञांची आणि दक्षिणेची यादी कोरून ठेवली आहे. तीत अश्वमेध, राजसूय, हजारो गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापणे आहेत. एवढा पैसा कोठून आला, हे त्या लेखापेक्षा ती वाटच अधिक स्पष्टपणे सांगते.

पुढे जुन्नर क्षहरात क्षत्रप नहपानाच्या अंमलाखाली गेले. त्याचा अमात्य अयम याचा 46 व्या वर्षाचा लेख मानमोडीच्या डोंगरावर आजही आहे. 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील सागरप्रवासाच्या ग्रंथात कल्याण बंदराची कोंडी झाल्याची नोंद आहे. तेथे चुकून लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे भांडण बंदराचे, घाटाचे आणि जकातीचे होते.

आता प्रशस्तीकडे वळू. तीत बंदर नाही, घाट नाही, जकातीवरून झालेले भांडण नाही. विशेषणांची एक लांबलचक रांग आहे आणि त्या रांगेच्या टोकाला राजा उभा आहे. कोण कोणावर चालून गेले, का गेले, किती माणसे कामी आली, याचा पत्ता नाही. शत्रूचा शिपाई नाही. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की स्वतःचा शिपाईही नाही. मात्र राजाने चार वर्णांचा संकर थांबविला, हे आवर्जून आहे. तो अद्वितीय ब्राह्मण होता आणि त्याने क्षत्रियांचा गर्व मोडला, हेही आहे. द्विजांबरोबर खालच्यांचीही कुटुंबे त्याने वाढविली, असेही त्यात म्हटल्याचे जाणकार सांगतात, आणि ते मी लपविणार नाही. परंतु 'खालचे' हे त्यांचे स्थान त्या गौरवातही सुटलेले नाही. जकातीसाठी झालेले युद्ध वाङ्मयात आले ते वर्णरक्षणाचे युद्ध होऊन. आणि हे सारे कोरले कोठे? बुद्धाच्या भिक्खूंना दान दिलेल्या लेण्यात!

प्रशस्ती जे सांगत नाही ते इतर साधने सांगतात. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीची 13,000 हून अधिक नाणी सापडली. नहपानाच्या या नाण्यांपैकी 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारला होता. चांदी तीच, मालक बदलला.

त्याहून बोलकी गोष्ट त्याच तिसऱ्या लेण्यात आहे. गौतमीपुत्राच्या 18 व्या वर्षी विजयी सैन्याच्या छावणीतून एक हुकूम सुटला. पश्चिम काखडी गावातले, पूर्वी नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले 200 निवर्तने शेत भिक्खूंना द्यावे, असा तो हुकूम. सहा वर्षांनी, 24 व्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला. काखडीचे ते शेत कोणी कसत नाही आणि गावात वस्तीही नाही, म्हणून नगराच्या शिवेवरचे 100 निवर्तने शेत द्यावे, असे त्यात म्हटले आहे. गाव का ओस पडले ते हुकुमात लिहिलेले नाही. पण जिंकून घेतलेल्या मुलखातले शेत सहा वर्षांत पडीक होते आणि माणसे निघून जातात, यावरून मी युद्धाचा परिणाम वाचतो. आंबेगावच्या माणसाला उठलेले गाव म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. आमचे जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कारण वेगळे असले तरी गाव सोडताना मागे वळून पाहणारी माणसे सारखीच असतात. काखडीच्या माणसांवर मात्र कोणी प्रशस्ती लिहिली नाही. सरकारी अडचण म्हणून त्यांची नोंद झाली, एवढेच.

ज्यांचा वंश संपवायचा, ते होते तरी कोण? जुन्नरच्या लेण्यांतील छोटे दानलेख वाचा. इरिल नावाचा यवन पाण्याची दोन टाकी देतो, चिट नावाचा यवन भोजनमंडप देतो. अदुथुम नावाचा एक शक उपासक करंज आणि वड लावण्यासाठी जमिनीचे उत्पन्न लावून देतो. धान्याचे व्यापारी सात खोल्यांचे लेणे देतात. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवलेली आहे. बांबू सोलणाऱ्याच्या श्रेणीकडे विश्वासाने ठेव ठेवावी, एवढी त्याची पत होती. आज बुरूड अनुसूचित जातींच्या यादीत आहे. एका युद्धाने ही घसरण झाली, असा भाबडा दावा मी करीत नाही. पण विजयाच्या वाङ्मयाने कोणत्या मूल्याला राजमान्यता दिली, हे समोर आहे.

आणि निर्वंश तरी झाला का? शकांच्याच दुसऱ्या घराण्यातला रुद्रदामन इसवी सन 150 च्या जुनागढच्या लेखात म्हणतो की, दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरविले, पण जवळच्या नात्यामुळे नष्ट केले नाही. कान्हेरीच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील महाक्षत्रपाची मुलगी असल्याचे सांगितले आहे. वर्णसंकर थांबविल्याचा डांगोरा पिटणाऱ्या घरात शकांची लेक सून म्हणून आली. आपण ज्या पंचांगावर सण काढतो त्या वर्षगणनेलाही 'शक' हेच नाव चिकटले आहे. राजे सोयरे झाले. काखडी मात्र तोवर ओस पडून गेली होती.

युद्धवाङ्मय कसे तपासावे, याची कसोटी आपल्याजवळ आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात पाहिले. संघापुढे कोलियांविरुद्ध युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने आधी दोष कोणाचा याची चौकशी करा, असे सुचविले. बहुमत विरुद्ध गेले. तो एकटा पडला, तरी त्याने होकार दिला नाही. दलित लेखकाने युद्धासमोर कोठे उभे राहावे, याचे याहून स्पष्ट उत्तर मला दिसत नाही. यात शिपायाचा अवमान नाही. उलट शिपायाला विशेषणांच्या रांगेतून बाहेर काढून माणूस म्हणून पाहण्याचा हाच मार्ग आहे.

त्या संध्याकाळी मी त्या तरुणाला विचारायला हवे होते : तुझ्या कवितेत तुझा भाऊ कोठे आहे? त्या चार रात्री तुझी आई झोपली होती का? सीमेवरच्या गावातली माणसे गुरे घेऊन कोठे गेली? हे प्रश्न मी विचारले नाहीत, कारण सभागृहात टाळ्या चालू होत्या. समीक्षक म्हणून ती माझी चूक होती. त्याला मी घरी बोलावले आहे. जुन्नरला जाऊन मानमोडीचे लेख आम्ही दोघे मिळून वाचणार आहोत.