पहिल्या तासाचा पुरावा

परिचयातल्या एका शिक्षिकेचे बाळ आठव्या महिन्यात जन्मले आणि पहिले अकरा दिवस काचेच्या पेटीत राहिले. तो मुलगा आता चौथीत आहे. हुशार आहे, आईला चिकटूनही असतो. तरी बाईंच्या मनातला एक प्रश्न जात नाही. बालसंगोपनावरच्या कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचले होते, की जन्मानंतरच्या पहिल्या तासात आई आणि बाळ यांचे बंध जुळतात. ती वेळ चुकली की चुकली. 'आमची तर चुकलीच,' असे त्या म्हणतात.

या विधानाचा माग काढत गेले की आपण एका गाजलेल्या ग्रंथापाशी पोचतो. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या दोन अमेरिकन बालरोगतज्ज्ञांचा 'मॅटर्नल-इन्फंट बाँडिंग' हा तो ग्रंथ, साल १९७६. त्यामागचा मुख्य प्रयोग १९७२ साली प्रसिद्ध झाला होता. ग्रंथ लिहिणाऱ्यांचा हेतू उत्तम होता याबद्दल शंका नाही. आपल्याकडे बाळंतपणे घरात होत होती, बाळ आईच्या कुशीतच असे, त्या काळात अमेरिकेतल्या रुग्णालयांत बाळ जन्मताच वेगळ्या खोलीत नेत आणि दर चार तासांनी दूध पाजण्यापुरते आईकडे आणत. ही पद्धत क्लाउस आणि केनेल यांना क्रूर वाटली. ती होतीच. प्रश्न इतकाच आहे, की तिच्याविरुद्ध त्यांनी पुढे केलेला पुरावा कितपत टिकतो.

प्रयोगात २८ आया होत्या, सगळ्या पहिलटकरणी. १४ जणींना रुग्णालयाच्या रिवाजाप्रमाणे बाळ मिळाले. उरलेल्या १४ जणींना जन्मानंतर लवकरच एक तास बाळ दिले, शिवाय पुढचे तीन दिवस रोज पाच तास जादा. महिन्याभराने पाहिले, तर दुसऱ्या गटातल्या आया बाळाला तपासताना जवळ उभ्या राहत, रडले की शांत करत, पाजताना त्याच्या डोळ्यांत अधिक पाहत. वर्षाने पाहिले तेव्हाही काही फरक दिसले.

आता इथे थोडे थांबू. अकरावी-बारावीच्या मुलांना हा प्रयोग असाच सांगावा आणि विचारावे, यावरून 'पहिला तास' महत्त्वाचा ठरतो का? चार-दोन मुलांच्या तरी ध्यानात येईल, की इथे एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या आहेत. त्या आयांना बाळ लवकर मिळाले आणि जास्त वेळही मिळाले. एकूण सोळा तास जास्त. फरक पडला तो कशामुळे? लवकर मिळाल्यामुळे, की जास्त मिळाल्यामुळे? की आपल्याला काहीतरी विशेष मिळते आहे, कोणीतरी आपली दखल घेते आहे, या जाणिवेमुळे? एक तिसरा गट हवा होता, निदान एक चौथाही. ते नव्हते. म्हणजे 'पहिल्या तासा'बद्दल हा प्रयोग मुळात काही सांगूच शकत नाही.

मग तो तास आला कुठून? मोठ्या अंशी शेळ्यांकडून. पीटर क्लोफर आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवले होते, की करडू जन्मल्याबरोबर शेळीपासून दूर केले आणि काही वेळाने परत आणले तर ती त्याला ढुशा मारते. पण आधी पाच मिनिटे जरी तिने त्याला चाटले असेल, तर तीन तासांनीही स्वीकारते. माणसाच्या आईबद्दलचा 'नाजूक काळ' या चित्रावर उभा राहिला. पुढे डेव्हिड गुबर्निक यांनी, त्यात खुद्द क्लोफर यांच्यासोबतही, जे प्रयोग केले ते फारसे कोणी सांगत नाही. दुसऱ्या शेळीने न चाटलेले, तिचे दूध न प्यायलेले परके करडूही शेळी स्वीकारते, असे त्यांत आढळले. म्हणजे शेळी बहुधा परक्या आईचा वास नाकारत होती; तिच्या मायेचा दरवाजा ठराविक वेळेला बंद होतो असे नव्हे. उपमेचा पायाच असा सरकला, उपमा मात्र पुस्तकांतून तशीच राहिली.

१९८० साली स्वेज्दा, कॅम्पोस आणि एम्डी यांनी ३० आयांवर तसाच प्रयोग अधिक काटेकोरपणे केला. आपल्याला वेगळी वागणूक मिळते आहे याचा आयांना पत्ता लागू नये, अशी काळजी घेतली. दोन गटांत फरक आढळला नाही. क्लाउस आणि केनेल यांचे मोठेपण असे, की १९८२ च्या नव्या आवृत्तीत त्यांनी आपले म्हणणे बरेच सौम्य केले. ज्यांना सुरुवातीचा सहवास मिळाला नाही असे बहुतेक सगळे आईबाप आपल्या मुलांशी जोडले गेलेच, हे त्यांनी मान्य केले. ग्रंथाचे नावही 'पॅरेंट-इन्फंट बाँडिंग' असे बदलले. पण दुरुस्ती पहिल्या आवृत्तीइतकी दूर कधीच जात नाही. आमच्या बाईंपर्यंत ती पोचलीच नाही.

बाळ लगेच आईच्या उघड्या छातीशी देण्याला आज भक्कम आधार आहे, पण तो निराळा आहे. भारतासह पाच देशांत झालेली जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तीत एक ते १.८ किलोच्या आतबाहेरची बाळे जन्मल्यापासूनच छातीशी धरली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. हा पुरावा जीव वाचण्याचा आहे, मायेचा नव्हे.

बाळाच्या बाजूनेही असाच घोळ होतो. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांचा १९८० चा प्रयोग मला फार आवडतो, कारण न बोलणाऱ्याला प्रश्न कसा विचारावा याचा तो नमुना आहे. तीन दिवसांच्या आतल्या दहा बाळांच्या तोंडात दूध नसलेली रबरी चोखणी दिली. बाळ थांबून थांबून चोखते. ही थांबण्याची वेळ वाढवली (काही बाळांच्या बाबतीत कमी केली) की आईचा आवाज ऐकू येई, नाहीतर परक्या बाईचा. दहापैकी आठ बाळांनी आईचा आवाज ऐकू येईल अशा बाजूने आपली लय बदलली! मात्र निबंधाच्या शीर्षकात 'बाँडिंग' हा शब्द आला आहे, आणि इथे लेखकांचा तोल गेला. बाळाला ओळखीचा आवाज आवडतो, इतकेच सिद्ध झाले होते. तो आवाज त्याने गर्भात ऐकलेला असतो. १९८४ साली डीकॅस्पर आणि प्रेस्कॉट यांनी वडिलांचा आवाज ऐकवला. बाळांना दोन पुरुषांचे आवाज वेगळे कळत होते, पण वडिलांच्या आवाजाला त्यांनी पसंती दिली नाही. म्हणून काय वडिलांशी नाते नाही म्हणायचे?

ओळख ही तुकड्यातुकड्यांनी होते. मॅकफार्लेन यांना १९७५ साली दिसले, की आईच्या दुधाचा वास असलेल्या घडीकडे दोन दिवसांचे बाळ विशेष वळत नाही, सहा दिवसांचे वळते. पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली पाहिले, की चार दिवसांचे बाळ आईचा चेहरा जास्त वेळ पाहते. पण दोघी बायकांनी केस रुमालाने झाकले की फरक नाहीसा होतो. म्हणजे तोवर बाळ 'चेहरा' ओळखते म्हणणेही धाडसाचेच; केसांची कड ओळखत असावे.

आणि जडणे? ग्लासगोमध्ये शॅफर आणि एमर्सन यांनी ६० बाळांचा घरोघरी जाऊन पाठपुरावा केला, तो १९६४ साली प्रसिद्ध झाला. ठराविक माणूस दूर गेला की रडणे, हे बहुतेकांत सातव्या-आठव्या महिन्याच्या सुमारास सुरू झाले. दीड वर्षाची होईतो बहुतेक बाळे एकाहून अधिक माणसांना चिकटलेली होती. त्यांत वडील होते, आजी-आजोबा होते. कित्येकदा सर्वात जवळचा माणूस हा सर्वात जास्त वेळ न्हाऊमाखू घालणारा नसून, हाक मारली की चटकन ओ देणारा आणि खेळणारा होता. ही माणसे बाळाने महिनोन् महिने निवडली होती. बाईंचे अकरा दिवस त्या हिशेबात कुठे बसतात, ते मी त्यांना मांडून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले, आणि मग शेळीची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली.