मराठी ख्रिस्ती सामुदायिक उपासनेतील गीतनिवड : एक चिकित्सा

प्रस्तावना

ख्रिस्ती सामुदायिक उपासनेत गीत हे केवळ अलंकरण नसते. प्रवचन एक जण करतो, शास्त्रपाठ एक जण वाचतो. सर्व मंडळी एकाच वेळी, एकाच शब्दांत जे बोलते ते प्रामुख्याने गीतातून बोलते. त्यामुळे रविवारच्या उपासनेसाठी चार-पाच गीते निवडणारी व्यक्ती मंडळीच्या मुखी तिची प्रार्थनाच घालत असते. मराठी ख्रिस्ती गीतांच्या साहित्यिक मूल्यांची चर्चा बरीच झाली; त्या मानाने गीतनिवडीच्या निकषांची चिकित्सा अल्प प्रमाणात झालेली दिसते. प्रस्तुत लेखात मराठी भाषा व तिची भक्तिपरंपरा यांच्या संदर्भात हे निकष तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

निकषांची पार्श्वभूमी

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. भाविकांचा सक्रिय सहभाग हे त्याचे प्रमुख सूत्र होते. ज्या लोकसमाजांना स्वतःची संगीतपरंपरा आहे, तेथे त्या परंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असेही त्यात नमूद आहे. पुढे 1972 मध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी गीतनिवडीसाठी तीन कसोट्या मांडल्या : गीत संगीत म्हणून चांगले आहे काय, उपासनाविधीतील त्या स्थानाला ते साजेसे आहे काय, आणि या विशिष्ट मंडळीला ते आपली श्रद्धा व्यक्त करण्यास साहाय्यभूत होते काय. 2007 मधील सुधारित मार्गदर्शिकेत या तिन्ही कसोट्या मिळून एकच मूल्यमापन होते, यावर भर देण्यात आला. एक कसोटी उत्तम उतरली म्हणून उरलेल्या दोन सोडून देता येत नाहीत, हा त्याचा मथितार्थ होय. या कसोट्या कॅथलिक परिघात घडल्या असल्या तरी प्रोटेस्टंट मंडळ्यांनाही त्या तितक्याच उपयुक्त ठरतात.

भाषेची कसोटी

मराठीच्या बाबतीत पहिल्या कसोटीतच एक उपप्रश्न दडलेला आहे. मिशनकाळात अनेक पाश्चात्त्य गीते मूळ चालींसह मराठीत आली. इंग्रजी गीतरचना आघातावर उभी असते, तर मराठी पद्यरचनेत लघु-गुरूचे व अक्षरसंख्येचे भान असते. प्रभू, पिता, कृपा, दया, क्षमा हे उपासनेतील नित्याचे शब्द लघु-गुरू क्रमाचे आहेत. चालीचा पहिला, दीर्घ व जोरकस स्वर अशा शब्दाच्या लघु अक्षरावर पडला की उच्चार ओढला जातो आणि शब्द परका वाटू लागतो. अशा गीताचा आशय निर्दोष असूनही गाणाऱ्याची जीभ अडखळते. याउलट चाल किंचित आधी, हलक्या स्वरावर सुरू होत असेल तर हेच शब्द तीत सहज बसतात. म्हणून ‘पाश्चात्त्य चाल नको’ असा सरसकट निष्कर्ष चुकीचा ठरेल. प्रत्येक गीत गाऊन पाहणे हाच मार्ग उरतो.

अभंगाचा आदर्श आणि त्याच्या मर्यादा

मराठी ख्रिस्ती काव्याची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी अभंग व पदे यांच्या द्वारे या प्रवाहाला काव्यात्म उंची दिली. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे.

टिळकांच्या रचनांविषयी एक आक्षेप संभवतो : त्यांतील ‘मी’ अत्यंत एकांतिक आहे, मग समुदायाने तो कसा गावा? परंतु वारकरी परंपरेने या प्रश्नाचे उत्तर आधीच दिले आहे. अभंगातील ‘मी’ दिंडीत शेकडो मुखांतून उमटतो आणि समूहाचा होतो. अग्रगायकाने ओळ म्हणावी, इतरांनी ती झेलावी, ध्रुवपद पुन्हापुन्हा यावे, या घडणीमुळे अक्षरओळख नसलेली व्यक्तीही पूर्णतः सहभागी होते. पुस्तक हाती घेऊन गावयाच्या बहुकडवी गीतात ती व्यक्ती मूक राहते. ज्या ग्रामीण मंडळ्यांतील बहुसंख्य सभासद शिक्षणापासून वंचित ठेवल्या गेलेल्या जातींतून आले होते, त्यांच्यासाठी हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हता. उपासनेत कोणाचा आवाज ऐकू येणार, हा प्रश्न होता.

तथापि अभंग म्हटला की तो योग्यच, असे मानणेही घातक आहे. संस्कृतप्रचुर पद आजच्या तरुणास अनुवादित गीताइतकेच दुर्बोध वाटू शकते. देशीपणा ही गुणवत्तेची हमी नव्हे.

विस्मृत विलाप

आज शहरी मंडळ्यांत इंग्रजी व हिंदी स्तुतिगीतांचा प्रभाव वाढला आहे. त्यांची सुगमता व युवकांचा उत्साह नाकारण्याचे कारण नाही. मात्र केवळ विजय आणि आनंद यांचीच गीते निवडली गेली तर उपासनेचा एक मोठा भाग मुका होतो. बायबलमधील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची मानली जातात. ज्या मंडळीत कोणाचे पीक करपले आहे, कोणाच्या घरी मृत्यू घडला आहे, तिला दर रविवारी केवळ जयघोष करावयास लावणे म्हणजे तिचे दुःख दाराबाहेर ठेवावयास सांगणे होय. येथे मराठीजवळ समृद्ध साधन आहे. करुणापर अभंगांनी देवाशी भांडण्याची, त्याला जाब विचारण्याची भाषा घडविली आहे. तिसऱ्या कसोटीवर हे साधन सर्वाधिक उतरते. परंतु निवडीत तेच बहुधा मागे पडते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, गीतनिवडीचा वाद ‘जुने की नवे’, ‘देशी की विदेशी’ या द्वंद्वांत अडकविणे निष्फळ आहे. शब्द जिभेवर बसतो काय, विधीतील त्या क्षणाशी गीत सुसंगत आहे काय, मागच्या बाकावरील निरक्षर वृद्धेला ते गाता येते काय आणि वर्षभरातील गीतांत आनंदाइतकीच व्यथेलाही जागा मिळते काय, हे प्रश्न अधिक मूलगामी आहेत. वर्षभर गायिलेल्या गीतांची साधी नोंद ठेवली तरी एखादी मंडळी काय गाते आणि काय गाण्याचे टाळते, हे स्पष्ट होईल. मंडळी जे वारंवार गाते तेच तिच्या स्मरणात राहते, आणि संकटकाळी प्रवचनाआधी तेच ओठांवर येते. म्हणून गीतनिवड हे सोयीचे काम नसून मंडळीच्या पालनसेवेचेच एक अंग ठरते.