छतावरचा परदेशी
(सिद्धेश्वर, जि. हिंगोली येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

औंढ्याच्या देवळावरची शिल्पं तुम्ही लहानपणापासून पाहत आलात. आज मी तुम्हाला अजिंठ्याला नेणार आहे, आणि तिथे भिंतीकडे नाही, छताकडे बघायचंय.

पहिल्या लेण्यात सगळे पद्मपाणीपुढे थांबतात. थांबावंच. पण मान जरा वर करा. छताच्या चौकटींत कमळं आहेत, फळं आहेत, हंस, हत्ती आहेत. आणि त्यांच्यामध्येच एक जाडजूड दाढीवाला बसलाय. हातात पेला, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा, डोक्यावर टोपी, पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. शेजारी बाई, सरबराईला नोकर. थोड्या फरकानं हाच प्रसंग दुसऱ्या चौकटीतही येतो.

हा कोण? जेम्स फर्ग्युसननं 1879 मध्ये सांगून टाकलं, हा इराणचा बादशहा दुसरा खुस्रो. त्याच लेण्यातल्या भिंतीवर टोपीवाले परदेशी राजापुढे नजराणा घेऊन येतात, ती म्हणे खुस्रोची वकिलात पुलकेशीच्या दरबारात. गोष्ट इतकी झकास होती की पिढ्यान्‌पिढ्या चालली. गाइड अजूनही सांगतात. पण वॉल्टर स्पिंक यांनी हे लेणं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक हरिषेणाच्या काळात ठेवलं. ते मानलं तर पुलकेशी यायला अजून शंभरावर वर्षं आहेत! आणि भिंतीवरचा तो दरबार श्लिंगलॉफ यांनी महासुदर्शन राजाच्या कथेशी जोडला.

सनावळ्या बाजूला ठेवल्या तरी माझा आक्षेप वेगळाच आहे. फर्ग्युसननं नक्षीला व्यक्तिचित्र समजलं. अहो, बादशहाची तसबीर कुणी हंस-कमळांच्या रांगेत, पुन्हा पुन्हा काढतं का? भिंतीवरच्या परदेशी माणसाला कथेत काम आहे, तो काहीतरी आणतो, देतो. छतावरचा नुसता पितो. त्याला नाव नाही, गाव नाही. तो 'परदेशी' या जातीचा नमुना झालाय, जसं आपण साहेब काढायचा म्हटलं की हॅट आधी काढतो.

चीनमध्ये नेमकं हेच झालं. तांग काळातल्या थडग्यांत मातीच्या बाहुल्या सापडतात, त्यात मध्य आशियातले व्यापारी आहेत, उंटवाले आहेत. मोठं नाक, दाढी, टोकदार टोपी, आणि पुष्कळदा काखेत दारूची पखाल. एकमेकांना न विचारता दोन्हीकडच्या कारागिरांनी परक्याच्या हातात दारूच दिली! गंमत वाटते, थोडं टोचतंही. तो माणूस कितीतरी महिने चालून आला, त्याची भाषा, त्याचे हिशेब, त्याचं घर, यातलं काहीच उरलं नाही.

तरीही अजिंठ्याच्या चित्रकाराला मी नुसता दोष देणार नाही. त्या मोज्यांच्या पट्ट्या ऐकीव माहितीवर निघत नाहीत. कुणीतरी ते पाय पाहिलेत, निदान ते पाय पाहिलेल्याचं चित्र पाहिलंय. आणि आणखी एक. अजिंठ्यातले बाकीचे बरेचसे रंग इथल्याच माती-दगडांचे, पण झळझळीत निळा लाजवर्द दगडाचा. तो बदख्शानहून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातून यायचा. ज्याला आपण छतावर चेष्टेचा विषय केलं, तसल्याच कुणाच्या तरी काफिल्यातून तो रंग आला असणार.

आता गेलात की मान दुखेल, पण ते मोजे बघून या.