नादगुणाचा प्रश्न आणि ‘डेक्स्ड’ हे संगणकीय वाद्य

नादाचे तारता, तीव्रता आणि गुण हे तीन धर्म विद्यार्थी पहिल्याच वर्षी पाठ करतो. त्यांपैकी तारतेचा विचार आपल्याकडे हिरिरीने झाला; कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे बावीस श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले आणि त्या वादाचे पडसाद पुढे कित्येक वर्षे उमटत राहिले. नादगुणाच्या वाट्याला मात्र एखादा परिच्छेद येतो. सतारीचा षड्ज आणि सनईचा षड्ज निराळे का वाटतात, एवढे सांगून पाठ्यपुस्तके थांबतात. ‘डेक्स्ड’चे परीक्षण येथे करावयाचे ते या उणिवेमुळे.

संगणकावरील ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीस जोडावयाचे हे प्लगिन विनामूल्य मिळते आणि ते १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ या वाद्याची प्रतिकृती आहे. त्यामागील तत्त्व कंप्रता-विरूपणाचे, म्हणजेच एफएमचे. दरबारीतील गांधाराचे आंदोलन आपण स्वराची हालचाल म्हणून ऐकतो. तेच आंदोलन सेकंदाला शेकडो वेळा होऊ लागले तर हालचाल जाणवेनाशी होते. मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंस नवे उपस्वर उभे राहतात आणि नादाचा गुणच पालटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये हे आढळले.

त्यांच्या १९७३ च्या निबंधात घंटेची कृती दिलेली आहे. मूळ स्वर २०० आवर्तनांचा, त्याला हलविणारा २८० चा. पंधरा सेकंदांत तीव्रता आणि विरूपणाची मात्रा बरोबरीनेच ओसरतात. डेक्स्डमध्ये हे १.४० चे प्रमाण नेमके लावता येते. ताडून पाहण्यास पनवेलच्या विद्यार्थ्याला फार लांब जावयास नको. रायगड जिल्ह्यातच, पालीच्या बल्लाळेश्वर मंदिरात, पाश्चात्त्य घडणीची घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या वसईविजयानंतर ती अर्पण केली असे सांगतात. आघात आणि विरत जाणारा धातूचा झणकार यांचा भास एफएम उत्तम करते. परंतु त्याचे उपस्वर २८० आवर्तनांच्या समान अंतराने बसतात. सुस्वर केलेल्या पाश्चात्त्य घंटेत तसे नसते. तेथे मुख्य स्वराखाली एक सप्तक गुंजारव आणि वर कोमल गांधार, पंचम व तार षड्ज असतात. एकाच जोडीने हे साधत नाही. सहा ऑपरेटरांच्या तीन जोड्या करून घंटा तुकड्यातुकड्यांनी बांधावी लागते, आणि त्या खटाटोपात घंटेविषयी जेवढे कळते तेवढे तयार ध्वनींच्या यादीतून कधीच कळणार नाही. ही यादी विद्यार्थ्याने प्रथम मिटून ठेवावी, हे बरे.

तंबोऱ्याची कसोटी याहून कठीण. तार जेथे छेडली तेथे ज्यांचा निस्पंद पडतो ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत. तंबोऱ्याच्या घोडीमुळे ते उमटतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखविले. शिवाय जवारीचा नाद छेडल्यानंतर क्षणभराने फुलतो. येथे डेक्स्डची रचना आश्चर्यकारकरीत्या उपयोगी पडते. प्रत्येक ऑपरेटरला चढउताराचे चार टप्पे स्वतंत्रपणे मिळतात. म्हणून मूळ स्वर उतरत असता विरूपणाची मात्रा सावकाश चढविता येते. फुलण्याचा आभास मिळतो. तथापि जवारीत एकेक स्वयंभू स्वर आपल्या वेळी पुढे येतो, तर एफएमच्या एका जोडीत सर्व उपस्वर एकाच दोरीला बांधलेले असतात. हुबेहूब तंबोरा हवा असेल त्याने सरळ तंबोराच मुद्रित करावा. प्रयोगशील रचनाकाराचे काम त्या दोरीशी आहे.

श्रुतींच्या अभ्यासकाला याहून मोठी गोष्ट येथे सापडेल. मूळ डीएक्स-७ समविभागी सप्तकात जखडलेले होते. डेक्स्डमध्ये स्वरांतरांची फाईल बाहेरून भरता येते. म्हणजे शुद्ध पंचम घेता येतो. आता वरील घंटेच्याच नादात षड्ज २०० वर आणि पंचम ३०० वर लावावा. षड्जाचे घटक ८०, २००, ३६०, ४८०, ६४०, ७६० असे येतात. पंचमाचे १२०, ३००, ५४०, ७२०, ९६०, ११४०. पुढे कितीही मोजले तरी एकही घटक दुसऱ्याशी जुळत नाही. तारेच्या नादात षड्जाचा तिसरा स्वयंभू पंचमाच्या दुसऱ्यावर नेमका बसतो. संवादाचा मोठा आधार तोच. तो येथे उरत नाही, आणि गणिताने निर्दोष असलेला पंचम कानाला परका वाटू लागतो. तेव्हा श्रुतींची गुणोत्तरे आपण ज्या वाद्यांवर आणि कंठांवर पडताळली त्यांचा नादगुण त्या गुणोत्तरांत आधीच शिरलेला होता. बाविसांच्या स्थानांवर वाद घालताना हा घटक जमेस धरला गेला नाही, असे माझे मत आहे.

मीड मात्र डेक्स्डवर जेमतेमच. पट्टीवरून स्वर वाकविता येतो, पण वाद्य मुळात पट्ट्यांचे; गायकी अंगाचे आलाप त्यावर वाजविण्याचा हट्ट धरू नये. लहान खिडकीत शंभराहून अधिक मूल्ये दाटीवाटीने मांडल्यामुळे नवशिक्याची दमछाक होते. दोन ऑपरेटर सोडून बाकीचे बंद करावेत आणि प्रमाण १.०० वरून १.४० पर्यंत हळूहळू न्यावे. तंतूचा नाद धातूकडे सरकताना कोणत्या ठिकाणी पंचमाचा आधार सुटतो, ते लिहून ठेवावे.