कवटी कोणाची? : एका जर्मन सिनेमाबद्दल

संशोधनाच्या ब्लॉगवर सिनेमाचं परीक्षण कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण लार्स क्राउमे यांचा 'डेर फरमेसेने मेन्श' (२०२३) हा सिनेमा मोजमापाबद्दलच आहे. 'फरमेसेन' या जर्मन शब्दाचे अर्थ दोन: मोजलेला आणि उद्धट. नाव चपखल आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. अलेक्झांडर हॉफमन हा बर्लिनमधला तरुण मानववंशशास्त्रज्ञ. १८९६ च्या प्रदर्शनात लोकांना 'दाखवायला' आणलेल्या हेरेरोंची डोकी तो मोजतो. कवटीवरून वंशांची उच्चनीचता ठरते, हे त्याला पटत नाही. पुढे जर्मन सैन्यासोबत तो आजच्या नामिबियात जातो आणि चक्क कबरी उकरायला लागतो.

हॉफमन काल्पनिक आहे, नरसंहार नाही. २ ऑक्टोबर १९०४ ला जनरल फॉन ट्रोथाने हेरेरोंना ठार मारण्याचा लेखी हुकूम काढला. हजारो माणसं वाळवंटात तहानेने मेली, हजारो छावण्यांत. नामा लोकांचेही तेच हाल झाले. मृतांच्या कवट्या संशोधनासाठी बर्लिनला गेल्या.

बंदूक आणि मोजपट्टी एकाच चौकटीत दाखवणं, ही सिनेमाची ताकद. पण तो एका माणसाच्या सदसद्विवेकातच अडकतो. केझिया ही हेरेरो स्त्री मधला बराच काळ गायबच असते. गुन्हेगारांच्या बाजूने गोष्ट सांगायची, हे दिग्दर्शकाने ठरवून केलंय. ठीक आहे. पण मग खोक्यात भरलेल्या कवटीचं पुढे काय होतं, तेही दाखवायला हवं होतं. तिला क्रमांक मिळतो, ती तक्त्यातली एक ओळ होते, तिच्यावर प्रबंध लिहिले जातात. यासाठी कोणी दुष्ट असावं लागत नाही. संस्था नीट चालली की पुरे.

याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९०८ मध्ये नामिबियातल्या रेहोबोथला जाऊन मिश्रवंशीय कुटुंबांची मोजमापं घेणारा ऑयगेन फिशर १९२७ मध्ये बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचा संचालक झाला. इरावती कर्वे यांनी पीएच.डी. केली ती त्याच्याच हाताखाली, कवटीच्या असममितीवर. या असममितीचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष त्यांनी गुरूच्या मतांची पर्वा न करता मांडला. याला धाडस लागतं. पण निष्कर्ष बरोबर आला म्हणून 'ही कवटी कोणाची, ती द्यायला कोणी होकार दिला?' हा प्रश्न मिटत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हेच जड जातं. आपण आकडे तपासतो, नमुना आला कुठून हे विचारत नाही.

२०११ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २० कवट्या नामिबियाला परत केल्या. २०२१ मध्ये जर्मन सरकारने नरसंहार मान्य केला, ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ म्हटलं, पण त्याला नुकसानभरपाई म्हणायचं टाळलं. आम्हाला वाटाघाटींत नीट स्थानच नव्हतं, असं अनेक हेरेरो आणि नामा नेत्यांचं म्हणणं आहे. म्हणजे मोजणारे अजून तेच, मोजले जाणारेही तेच.

सिनेमा जरूर बघा. आणि पुढच्या वेळी एखादा शोधनिबंध वाचाल, तेव्हा निष्कर्षाआधी 'नमुने' हा परिच्छेद वाचा.