फळीवरून पडद्याच्या कोपऱ्यात : सिम्युलेशन खेळांच्या मुखचित्रांची एक समीक्षा

विषयप्रवेश

मुखपृष्ठ ही ग्रंथव्यवहारातील परिचित कला होय. दीनानाथ दलालांच्या चित्रांनी सजलेले दिवाळी अंक पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला मुखपृष्ठ आणि मजकूर यांच्यातील नाते वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. संगणकीय खेळांच्या मुखचित्रांचा विचार मात्र त्या गांभीर्याने होताना दिसत नाही. ती केवळ जाहिरात आहे, असे समजून अभ्यासक पुढे जातात. वस्तुतः विक्रीसाठी काढलेले चित्रही आशयाविषयी काही विधान करीत असते, आणि ते विधान खरे की खोटे हे तपासणे समीक्षेचेच काम आहे.

या कलेचा आरंभ एका तफावतीतून झाला. 1977 साली अटारी कंपनीचे खेळयंत्र बाजारात आले तेव्हा पडद्यावर मोजक्या रंगांचे ओबडधोबड ठोकळे दिसत. ‘कॉम्बॅट’ या खेळातील रणगाडा हा चार-सहा चौकोनांचा पुंजका होता. परंतु खोक्यावर क्लिफ स्पोन या चित्रकाराने रंगविलेले रणगाडे आणि विमाने युद्धपटाला शोभतील अशी होती. ही फसवणूक होती का? तसे म्हणता येणार नाही. पडद्याला जे जमत नव्हते ते चित्र पुरवीत होते आणि खेळणारा ते मनात साठवून चौकोनांवर आरोपित करीत होता. आज ही स्थिती उलटली आहे. पडदा हवे ते दाखवू शकतो आणि मुखचित्राच्या वाट्याला अंगठ्याच्या नखाएवढी जागा आली आहे.

आकाशरेषा आणि रस्ता

सिम्युलेशन म्हणजे प्रत्यक्षातील एखाद्या व्यवस्थेची वा कामाची अनुकृती. शहर वसविणे, शेती करणे, मालमोटार हाकणे, विमान उडविणे हे या खेळांचे विषय. यांना नायक नसतो, खलनायक नसतो, निर्णायक क्षणही बहुधा नसतो. साहसप्रधान खेळाच्या चित्रकाराला तलवार उगारलेला वीर काढून मोकळे होता येते. येथे मात्र प्रक्रियेचे चित्र काढावयाचे असते, आणि प्रक्रिया स्थिर चित्रात मावत नाही. सिम्युलेशन खेळाच्या मुखचित्राची मूळ अडचण ही आहे. रंगसंगती, अक्षरांची जाडी वगैरे गोष्टी त्यानंतरच्या.

नगररचनेच्या खेळांनी या अडचणीवर काढलेला तोडगा विचार करण्याजोगा आहे. विल राइट यांचा ‘सिमसिटी’ 1989 साली मॅक्सिसने प्रसिद्ध केला आणि हा प्रकार रूढ झाला. फिनलंडमधील कोलॉसल ऑर्डर या संस्थेच्या ‘सिटीज : स्कायलाइन्स’ने 2015 मध्ये त्याला नवे बळ दिले. या खेळाच्या तर नावातच आकाशरेषा आहे, आणि मुखचित्रही तेच सांगते : उजळ आकाशाखाली उभी असलेली उंच इमारतींची रांग. चित्र देखणे आहे. मात्र ते कोणाच्या नजरेतून काढले आहे, असा प्रश्न विचारताच त्यातील गोम लक्षात येते. आकाशरेषा ही दुरून शहराकडे येणाऱ्या प्रवाशाला दिसते. खेळणारा शहराकडे वरून पाहतो. त्याच्या डोळ्यांसमोर जलवाहिन्या, सांडपाणी, करांचे दर आणि मुख्यतः चौकात तुंबलेली वाहने असतात. किंबहुना रहदारीची कोंडी फोडणे हाच त्या खेळाचा खरा रस आहे, असे तो काही काळ खेळलेला कोणीही सांगेल. म्हणजे मुखचित्र श्रमाचे फळ दाखविते, श्रम झाकून ठेवते.

तरीही या निवडीला निव्वळ लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल. शहर वसविण्याची इच्छा सांडपाण्याच्या नळातून निर्माण होत नाही. ती त्या आकाशरेषेतूनच होते. दोष निराळा आहे. या जातीचा प्रत्येक खेळ तेच चित्र काढू लागला, की निळे आकाश आणि काचेच्या इमारती यांपलीकडे एकाची दुसऱ्यापासून ओळख पटत नाही. एखाद्या वळणदार चौपदरी रस्त्याचे, त्यावरील दिव्यांच्या माळेचे चित्र खेळाशी अधिक प्रामाणिक राहिले असते आणि शेजाऱ्यांहून वेगळेही दिसले असते.

दोन शेते

शेतीविषयक दोन खेळ शेजारी ठेवले असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. स्वित्झर्लंडमधील जायंट्स सॉफ्टवेअरची ‘फार्मिंग सिम्युलेटर’ मालिका 2008 पासून चालू आहे. तिच्या मुखचित्रांत यंत्र अग्रभागी ठाण मांडून असते. शेतकरी असलाच तर यंत्राच्या सोबतीने. चित्रकाराला कल्पना सुचली नाही म्हणून हे झाले, असे मानण्याचे कारण नाही. या खेळात खऱ्या कंपन्यांची, खऱ्या नावांची यंत्रे हाताळावयास मिळतात. 2018 च्या आवृत्तीत जॉन डीअरची यंत्रे दाखल झाली, ही तिच्या चाहत्यांना केवढी तरी बातमी वाटली. खेळणारा येथे शेतीइतकाच त्या यंत्राच्या मालकीचाही भुकेला असतो. तेव्हा मुखचित्र रूक्ष असले तरी खरे आहे.

‘स्टारड्यू व्हॅली’ हा 2016 चा खेळ एरिक बॅरोन या एकाच व्यक्तीने चारेक वर्षे खपून तयार केला. त्याच्या मुखचित्रात सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे लाकडी फळ्यांतून कोरल्यासारखी नावाची अक्षरे, त्यांना बिलगलेली पाने आणि मागे आकाश. येथे नावाची पाटी हेच चित्र झाले आहे. गावाच्या वेशीवरील फलक वाचावा तसे ते वाचले जाते आणि पाहणाऱ्याला गावात यावेसे वाटते. शिवाय चित्राची घडण खेळातील चौकोनी ठिपक्यांच्या शैलीशी जुळणारी आहे; आत एक आणि बाहेर दुसरे असा प्रकार नाही. नामाक्षरे व चित्र एकजीव झाल्याने ते कितीही लहान केले तरी टिकते. या बाबतीत मोठ्या खर्चाचे अनेक खेळ त्याच्यापुढे फिके पडतात.

‘सिम्युलेटर’ हा शब्द नावात असणाऱ्या खेळांना ही सोय नसते. रोमन लिपीतील ती नऊ अक्षरे चित्राची निम्मी रुंदी गिळून बसतात. हा शब्द इतका घिसापिटा झाला, की 2014 साली ‘गोट सिम्युलेटर’ने चक्क शेळीला त्या मानाच्या जागी बसवून साऱ्या प्रकाराची खिल्ली उडविली. इंग्लंडमधील फ्युचरलॅबच्या ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’चे (2022) नशीब मात्र चांगले. पाण्याच्या फवाऱ्याने मळकट भिंतीवर उमटलेला एक स्वच्छ पट्टा म्हणजे त्या खेळाचे संपूर्ण वाक्य आहे : कर्ता, कर्म आणि क्रियापद. मालमोटारीच्या वा विमानाच्या खेळाला असे वाक्य सहजी सापडत नाही. उभे यंत्र म्हणजे केवळ नाम. क्रियापद बाहेरच राहते.

लहान चौकट

खोक्याला पाठ असे. पुढचे चित्र फसले तरी मागचा मजकूर वाचून ग्राहक मत बनवी. स्टीमसारख्या आंतरजालीय दुकानात हा दुसरा पाठ चित्रावर बोट ठेवल्यावरच उघडतो. तेथील छोट्या चौकटीचे माप दीर्घकाळ 231×87 पिक्सेल होते, आणि त्यापासून 184×69 व 120×45 अशी आणखी लहान रूपे तयार होत. 45 पिक्सेलच्या उंचीत शहर काढणे म्हणजे तांदळाच्या दाण्यावर महाभारत लिहिण्याचाच प्रकार. भोवतीची पार्श्वभूमी गडद निळी असल्याने काळपट कडांचे चित्र तीत विरघळून जाते. ज्यांनी मोठ्या कागदावर तपशिलांची कुसर केली, त्यांची मेहनत येथे धुळीसारखी दिसते.

1 सप्टेंबर 2022 पासून स्टीमने या चौकटींत खेळाचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक यांखेरीज काहीही घालण्यास मनाई केली. पुरस्कारांची चिन्हे, समीक्षकांचे गुण, सवलतीच्या घोषणा हे सारे गेले. अनेक विक्रेत्यांना हा नियम जाचक वाटला असेल. चित्रकलेच्या दृष्टीने तो हितकारकच म्हणावा लागेल, कारण चित्राची कुबडी त्याने काढून घेतली.

किती जणांना चित्र दिसले आणि त्यांपैकी किती जण पृष्ठावर आले, याचे आकडे दुकान खेळाच्या कर्त्याला पुरविते. त्या आकड्यांनाच परिणामकारकता समजण्याची चूक सर्रास होते. याच दुकानात खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला खेळ परत करता येतो. सिम्युलेशनचे खेळ संथ असतात. पहिले दोन तास पुष्कळदा नियम शिकण्यात जातात. नगररचनेच्या खेळात आरंभी उंच इमारतींची मुभाच नसते, लोकसंख्या वाढेल तसे टप्पे उघडतात. मुखचित्रावरील गगनचुंबी रांगेच्या ओढीने आलेला ग्राहक या अवधीत बैठ्या घरांच्या दोन गल्ल्या आणि पाण्याची एक टाकी एवढेच पाहतो. मुखचित्राने वचन दिलेली आकाशरेषा त्याच्यापासून दूर असते. ज्या कोंडीत खेळाचा खरा रस आहे तीही अजून झालेली नसते.