व्ही-८ इंजिनाची कार्यक्षमता आणि मोजमापाचा प्रश्न : एक चिकित्सा

प्रस्तावना

जावास्क्रिप्ट ही गतिशील संगणकभाषा होय. या भाषेत चलाचा प्रकार आधी घोषित करावा लागत नाही. एकच चल आता संख्या, तर पुढच्या क्षणी अक्षरमाला असू शकते. त्यामुळे 'अ + ब' या साध्या पदावलीत संख्यांची बेरीज आहे की अक्षरमालांची जोडणी, हे आज्ञावली प्रत्यक्ष चालू असतानाच ठरते. लिहिणाऱ्याची ही सोय यंत्राला महाग पडते. ती किंमत कमी करण्यासाठी, चालू आज्ञावलीचे त्याच वेळी यंत्रभाषेत रूपांतर करणारा जस्ट-इन-टाइम कंपायलर वापरला जातो. गूगलने २००८ साली क्रोम ब्राउझरबरोबर प्रसिद्ध केलेले व्ही-८ इंजिन हे या तंत्राचे सर्वपरिचित उदाहरण होय. व्ही-८ने वेग कसा मिळविला याची चर्चा पुष्कळ होते; तो वेग कशाने मोजला, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

वेगामागील तत्त्व

व्ही-८ची मूलतत्त्वे नवी नव्हती. १९८४ मध्ये डॉइच व शिफमन यांनी स्मॉलटॉक-८० या भाषेसाठी इनलाइन कॅशचे तंत्र मांडले आणि १९९१ मध्ये होल्झले, चेंबर्स व उंगर यांनी सेल्फ या भाषेसाठी त्याचा विस्तार केला. एखाद्या ठिकाणी आतापर्यंत ज्या प्रकारच्या वस्तू आल्या, त्याच पुढेही येतील, असे अनुमान या तंत्राच्या मुळाशी आहे. २०१० साली व्ही-८मध्ये आलेल्या क्रँकशाफ्ट कंपायलरने हे अनुमान अधिक धाडसाने केले. वारंवार चालणारा भाग हेरून, निरीक्षणात आलेल्या प्रकारांपुरतीच यंत्राज्ञा तो तयार करीत असे. अनुमान चुकल्यास ती टाकून देऊन मूळच्या सर्वसाधारण यंत्राज्ञेकडे परतावे लागे. सारांश, हा वेग पैजेतून मिळणारा वेग आहे. दीर्घकाळ एकच काम करणाऱ्या आज्ञावलीत पैज वारंवार जिंकली जाते व लाभ मोठा होतो. अल्पकाळ चालणाऱ्या आज्ञावलीत पैज लावण्याचा खर्च तेवढा पदरी पडतो.

मोजमापातील दोष

येथेच मोजमापाचा प्रश्न निर्णायक ठरतो. २००७ साली वेबकिटने सनस्पायडर, २०१० साली मोझिलाने क्रॅकेन व २०१२ साली गूगलने ऑक्टेन ही चाचणी पुढे आणली. या तिन्ही संस्था स्वतःच इंजिनेही घडवीत होत्या. परीक्षार्थीनेच प्रश्नपत्रिका काढावी, असा हा प्रकार होता. ऑक्टेनमध्ये भर होता तो दीर्घ गणनेवर. प्रत्यक्ष वेबपानातील बहुसंख्य फंक्शने मात्र एकदोनदाच चालतात आणि पान उघडताना बराच वेळ आज्ञावली वाचण्यात व तिचे रूपांतर करण्यातच जातो. ठरावीक प्रश्नसंच घोकून मिळविलेल्या गुणांना अध्यापक जेवढे महत्त्व देतात, तेवढेच या गुणांनाही द्यावयास हवे होते.

एप्रिल २०१७ मध्ये व्ही-८च्या चमूने ऑक्टेन निवृत्त केली. चाचणीतील गुणवाढ प्रत्यक्ष वेबपानांत उतरत नाही, हे त्यांनी त्या वेळी मान्य केले. हा प्रामाणिकपणा स्तुत्य असला, तरी ही कबुली उशिरा आली, असेच म्हणावे लागते. आरंभी व्ही-८मध्ये इंटरप्रिटर नव्हता. प्रत्येक फंक्शनची थेट यंत्राज्ञा बनत असे आणि ती स्मृतीत पुष्कळ जागा व्यापीत असे. कमी स्मृतीच्या अँड्रॉइड फोनवर हा भार जाणवे. त्या फोनांसाठीच २०१६ मध्ये इग्निशन हा इंटरप्रिटर प्रथम वापरात आला आणि २०१७ मध्ये तो टर्बोफॅन कंपायलरसह सर्वत्र लागू झाला. ज्या घटकाविना व्ही-८ वेगवान म्हणून गाजले, तोच घटक त्याला पुढे स्वीकारावा लागला. स्वस्त फोन वापरणाऱ्याची अडचण गुणपत्रकात कोठेच नोंदली जात नव्हती.

या चाचण्यांमुळेच स्पर्धा वाढली व ब्राउझरमध्ये मोठी अनुप्रयोगे शक्य झाली, असा प्रतिवाद करता येईल. तो अंशतः खरा आहे. परंतु २०१७ मध्ये बॅरेट, ट्रॅट आदी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने आणखी मूलभूत शंका उपस्थित केली. आभासी यंत्र व लहान चाचणी यांच्या जोड्या काटेकोर नियंत्रणाखाली चालवूनही, जास्तीत जास्त ४३.५ टक्के जोड्याच सातत्याने सर्वोच्च वेगाच्या स्थिर अवस्थेला पोहोचल्या. म्हणजे 'सुरुवातीचा काळ वगळून मोजावे' या रूढ पद्धतीचा आधारच डळमळीत आहे.

समारोप

२०२१ मधील स्पार्कप्लग व २०२३ मधील मॅग्लेव्ह हे व्ही-८चे मधल्या पायरीचे कंपायलर अल्पखर्चिक रूपांतरावर भर देतात. यातून दिशाबदल स्पष्ट होतो. २०२४ साली अ‍ॅपल, गूगल, मोझिला आदींनी स्पीडोमीटर ३ ही चाचणी एकत्रितपणे सिद्ध केली, हेही स्वागतार्ह आहे. तथापि तिचा रोख पानाच्या प्रतिसादावर आहे. पान प्रथम उघडण्यास लागणारा वेळ व व्यापलेली स्मृती ती मोजत नाही. म्हणून महाविद्यालयीन प्रकल्पात वा प्रबंधात 'कार्यक्षमता सुधारली' असे विधान आढळल्यास चार प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : कोणत्या यंत्रावर, किती काळ चालविल्यावर, किती स्मृती खर्चून आणि कोणी ठरविलेल्या चाचणीत? या चारांची उत्तरे दिल्याखेरीज ते विधान सिद्ध झाले असे मानता येणार नाही.